कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी अटॅक? वय, प्रतिकारशक्ती आणि धमन्या

मायक्रोस्कोपवाली

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "बाबांचं कोलेस्टेरॉल कधी दोनशेच्या वर गेलं नाही, मग बहात्तराव्या वर्षी अटॅक कसा आला?" खाली उत्तर आलं, "वय झालं की व्हायचंच." पुढचे सगळे प्रतिसाद गुडघेदुखीवर घसरले. मला काही ते उत्तर पचेना. वय हा जंतू नाही आणि विषही नाही. वय वाढतं तेव्हा शरीरात नेमकं काय बदलतं आणि त्याचा धमन्यांशी काय संबंध, हे आता बरंच उलगडलंय. म्हणून हा वेगळा धागा.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी शिकवण्यात गेली. शवविच्छेदनात महाधमनी लांबीत कापून ट्रेमध्ये पसरली की विशीतल्या माणसाची आतली बाजू गुळगुळीत, मोतिया दिसते. फार तर एखादी पिवळट रेघ. सत्तरीतल्या माणसाच्या महाधमनीत कात्री घातली की अंड्याचं टरफल चिरडावं तसा कुरकुर आवाज येतो. ते कॅल्शियम. बाजूला पिवळे उंचवटे, आणि एखादा दाबला तर आतून मऊ लगदा बाहेर येतो. विद्यार्थी हमखास म्हणायचे, "मॅडम, किती चरबी साचलीय!"

मग मी त्याच तुकड्याची स्लाइड लावून द्यायचे. चरबी तर असतेच, पण तिच्याभोवती पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी. मॅक्रोफेज, टी-पेशी. जखम झाली, जंतू शिरला की ज्या पेशी धावून येतात, त्याच. त्या इथे काय करतायत?

हा प्रश्न जुना आहे. जर्मनीत रुडॉल्फ विरखॉव्हने १८५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की धमनीतला हा प्रकार म्हणजे दाह (इन्फ्लमेशन) आहे. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसेच उंचवटे तयार करून दाखवले, आणि पुढची कित्येक दशकं कोलेस्टेरॉलचंच पारडं जड राहिलं. ते चूक नव्हतंच. पण १९९९ मध्ये रसेल रॉसने न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात थेट मथळाच दिला की हा दाहाचा आजार आहे. तेव्हापासून दोन्ही बाजू एकत्र नांदतायत.

घडतं ते थोडक्यात असं. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि काही तिथेच अडकतात. त्यांच्यात रासायनिक बदल होतात. अस्तराच्या पेशी धोक्याचा इशारा देतात, रक्तातल्या मोनोसाइट पेशी आत घुसतात, त्यांचे मॅक्रोफेज बनतात आणि ते हे कण खात सुटतात. खाऊन खाऊन फेसाळ होतात, तिथेच मरतात. मेलेल्या पेशी दुसऱ्या मॅक्रोफेजने उचलायच्या असतात. ते काम मागे पडलं की मधला लगदा वाढत जातो. वरती स्नायुपेशी आणि तंतू मिळून एक टोपी धरून ठेवतात. दाह जास्त असेल तर ती टोपी पातळ होते, एके दिवशी फाटते, तिच्यावर रक्ताची गुठळी बसते. बहुतेक अटॅक येतात ते असे. म्हणून तीस-चाळीस टक्केच ब्लॉकेज असलेल्या जागीही अटॅक येऊ शकतो आणि घरचे म्हणत राहतात, "अहो, स्ट्रेस टेस्ट तर नॉर्मल होती!"

आता वयाकडे येऊ. वयाचा एक भाग म्हणजे नुसता काळ. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांचे शवविच्छेदन अहवाल १९५३ मध्ये छापून आले. सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा. म्हणजे सुरुवात विशीत होते आणि पुढची चाळीस वर्षं भर पडत जाते. हे सगळ्यांना कळतं.

दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक आहे: प्रतिकारशक्ती स्वतःच म्हातारी होते. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयात आल्यापासून आक्रसत जाते, तिच्या जागी चरबी येते आणि नव्या टी-पेशींचा पुरवठा आटतो. शिल्लक राहतात त्या जुन्या, अनेक लढाया बघितलेल्या, चटकन भडकणाऱ्या. धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतं. काही पेशी विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत, नुसत्या बसून दाहकारक द्रव्यं सोडत राहतात. उंदरांच्या धमन्यांतून अशा पेशी काढून टाकल्या तर आजार मंदावतो, हे २०१६ मध्ये दिसलं. उंदरात बरं.

पण मला सगळ्यात चकित केलं ते बोन मॅरोने. तिथल्या मूळ पेशी जन्मभर रक्त बनवत असतात, रोज काही शे अब्ज पेशी. इतक्या वेळा विभागणी म्हटल्यावर जनुकांत बदल होणारच. बहुतेक बदल निरुपद्रवी. पण टेट-२, डीएनएमटी३ए, एएसएक्सएल१, जॅक-२ अशा काही मोजक्या जनुकांत बदल झाला, तर ती एक मूळ पेशी बाकीच्यांच्या पुढे निघून जाते आणि रक्तातला मोठा हिस्सा तिचीच प्रजा होते. हा कॅन्सर नव्हे. सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) अगदी नॉर्मल येतो. २०१४ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, तेव्हा दिसलं की सत्तरीपुढच्या दर दहांत एकाहून जास्त जणांत हा प्रकार असतो. त्यांना रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असेल हे अपेक्षितच होतं. मृत्यू मात्र हृदयविकाराने जास्त होत होते, आणि याची कुणालाच कल्पना नव्हती. २०१७ च्या अभ्यासात अशा लोकांत हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट निघाला. त्याच वर्षी उंदरांना टेट-२ नसलेला बोन मॅरो दिला, तर त्यांच्या धमन्यांतले उंचवटे मोठे झाले, कारण त्या मॅरोतून निघालेले मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं दाहकारक द्रव्य जास्त ओकत होते.

म्हणजे धमनीचा आजार असतो धमनीत, पण त्यातला एक दोषी मांडीच्या आणि कमरेच्या हाडांत बसलेला असू शकतो.

मग पुढचा प्रश्न, दाह दाबला तर अटॅक कमी होतात का? याचं उत्तर मिळालं कँटोस नावाच्या ट्रायलमध्ये, २०१७ मध्येच. आधी अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी (रक्तावरून अंगातला दाह मोजणारी टेस्ट) २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. बहुतेक जण स्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांवर, होतेच. त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिन्युमॅबचं इंजेक्शन दिलं. हे औषध फक्त इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. विरखॉव्हचं म्हणणं माणसात सिद्ध व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

पण औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने मृत्यू किंचित वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकारासाठी मंजुरी दिली नाही, आणि किंमत अशी की आपण विचारही करू नये.

तर बाबांच्या अटॅकचं "वय झालं" हे उत्तर अर्धवट आहे एवढंच मला म्हणायचंय. आता विचारा.

---

ठाणे_लोकल

ताई, जबरदस्त. एक बाळबोध शंका. कोविडपासून घरात इम्युनिटी वाढवायचा काढा सुरू आहे तो अजून थांबलेला नाही. तुमचं वाचून वाटतंय की इम्युनिटी वाढवणं धमन्यांना वाईटच की?

मायक्रोस्कोपवाली

काढ्याने ती वाढत असती तर तुमची काळजी रास्त होती. 😀 प्रतिकारशक्ती म्हणजे एकच आकडा नव्हे, की तो वर न्यावा नाहीतर खाली आणावा. म्हातारपणी दोन उलट्या गोष्टी एकदम घडतात. नवा जंतू आला तर प्रतिसाद अपुरा पडतो, लस दिली तर प्रतिपिंडं कमी बनतात. आणि त्याच वेळी काहीही कारण नसताना अंगात मंद दाह चालू राहतो. इटलीच्या क्लॉडिओ फ्रान्चेस्कींनी २००० साली या मंद दाहाला नाव दिलं आणि तिथून तो विषय रुळला. आलं-तुळस घ्या, चहाऐवजी बरंच आहे. गूळ किती घालता ते बघा फक्त.

गुलबकावली

हा धागा आधी का नाही आला असं झालं. माझ्या आईला र्‍हुमॅटॉइड संधिवात, चाळिशीपासून. साठीच्या आत अँजिओप्लास्टी झाली. इतकी वर्षं ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी सांध्यांपलीकडे काही पाहिलंच नाही, हृदयाबद्दल चकार शब्द नाही. आणि दरवेळी लिपिड प्रोफाइल छान यायचं, म्हणून आम्हीही निर्धास्त.

मायक्रोस्कोपवाली

गुलबकावली, संधिवाताच्या रुग्णात धोका साधारण दीडपट धरतात. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसच आहे की नेहमीच्या कॅल्क्युलेटरने जो धोका येईल त्याला दीडने गुणा. ल्यूपसमध्ये (यातही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) तर कहर आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला १९९७ च्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपस असलेल्या बायकांत अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नासपटीहून जास्त निघालं होतं. ज्या वयात बाईला अटॅक येतो असं कुणाच्या मनातही येत नाही, ते वय. सोरायसिस, एचआयव्ही, सगळीकडे कमी-अधिक हीच गोष्ट.

लिपिड प्रोफाइलचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. संधिवात भडकलेला असताना एलडीएल खाली येतं. दाहामुळेच येतं. रिपोर्ट छान दिसतो आणि धोका मात्र वाढलेला असतो. संधिवात आटोक्यात आला की एलडीएल वर चढतं आणि लोक औषधाला दोष देतात. आईच्या रिपोर्टवर तारखेशेजारी त्या वेळी सांधे कसे होते तेही लिहून ठेवत जा, डॉक्टरांना उपयोगी पडेल.

संशयात्मा

हेच मी दहा वर्षं ओरडतोय! कोलेस्टेरॉल हा बागुलबुवा आहे, खरा शत्रू दाह. स्टॅटिन कंपन्यांची दुकानं बंद करा. आज वरणभातावर दोन चमचे तूप जास्त.

बॉस्टनकर_बाळू

संशयात्माजी, तुपाचा आनंद घ्या, पण निष्कर्ष घाईचा आहे. तुमच्या म्हणण्याची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवलीय.

बोलिव्हियात ॲमेझॉनच्या जंगलात त्सिमाने नावाची जमात आहे. शिकार, मासेमारी, थोडी शेती. अंगात जंत, सतत कसला ना कसला संसर्ग. त्यामुळे निम्म्या लोकांचं एचएस-सीआरपी वाढलेलं. दाहच खरा शत्रू असता तर हे लोक पन्नाशीत पटापट गेले असते. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या ७०५ प्रौढांचे हृदयाचे सीटी स्कॅन छापून आले. ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियम शून्य. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांतही ६५ टक्के शून्य! आणि त्यांचं सरासरी एलडीएल किती? ९१. जन्मभर. त्यात दिवसभर चालणं आणि सिगारेट जवळपास नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, २००६ सालचं. पीसीएसके९ नावाचं जनुक जन्मतः बिघडलेले काही कृष्णवर्णीय लोक सापडले. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं. हृदयविकार किती कमी? ८८ टक्के. यातल्या पुष्कळांना रक्तदाब होता, काही सिगारेट ओढायचे, मधुमेह होता. तरीही. पाच वर्षं स्टॅटिन घेऊन एवढा फायदा कधीच मिळत नाही, कारण इथे एलडीएल पाळण्यापासून कमी होतं.

पेशी कितीही चिडलेल्या असू देत, धमनीच्या अस्तराखाली खायलाच काही नसेल तर त्या तिथे जमणार कशाला?

संशयात्मा

बाळू, त्सिमानेंची गोष्ट माहीत नव्हती, भारी आहे. पण ते दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं चालतात, ते विसरू नका. आणि प्रोजेरियाचं काय? त्या मुलांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं ना?

मायक्रोस्कोपवाली

प्रोजेरियाचा मुद्दा योग्य आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॅमिन-ए या जनुकातल्या एका चुकीने ही मुलं भराभर म्हातारी होतात. उपचार नसतील तर सरासरी साडेचौदाव्या वर्षी जातात, बहुतेक वेळा अटॅक किंवा पक्षाघाताने. एलडीएल बहुधा नॉर्मल. तिथे धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीच मरतात, भिंत कडक होते. म्हणजे भिंतीचं म्हातारपण इतकं टोकाचं असेल तर साधं एलडीएलही पुरेसं ठरतं. पण त्या मुलांच्या रक्तात एलडीएल असतंच हो, शून्य नसतं! तुमचं आमचं "नॉर्मल" म्हणजे सुद्धा त्सिमानेंच्या मानाने चढच.

मी स्वतः याकडे असं बघते: एलडीएलशिवाय आजार सुरूच होत नाही. तो किती वेगाने वाढेल आणि टोपी कधी फाटेल, यात वयस्क प्रतिकारशक्तीचा हात मोठा. त्यामुळे स्टॅटिनविरुद्ध दाह असं भांडण लावण्यात मला काही हशील दिसत नाही. स्टॅटिनने सीआरपीही उतरतंच.

लॅबमधला_भाऊ

एचएस-सीआरपीबद्दल थोडं आमच्या बाजूने. काउंटरवर रोज गोंधळ बघतो.

साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी, पदार्थ एकच, पण दुसऱ्या पद्धतीत अगदी बारीक आकडा मोजता येतो. हृदयासाठी दुसरी लागते. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, हे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. काही मशीनचा रिपोर्ट प्रति डेसिलिटर येतो. तिथे ०.३ म्हणजे इकडचे ३. लोक ०.४ बघून पेढे वाटतात.

दुसरं, सर्दी-ताप, दाढ दुखणं, डेंग्यूतून उठणं, यानंतर लगेच टेस्ट करू नका. आकडा आभाळाला भिडतो आणि त्याचा हृदयाशी संबंध नसतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. १० च्या वर आला तर आधी संसर्ग शोधायचा. फुल बॉडी पॅकेजमध्ये ऑफर आहे म्हणून केलेल्या टेस्टचे निम्मे फोन याच भानगडीचे असतात.

कोल्हापुरी_चप्पल

आमच्याकडं आज्जी, आत्या सगळ्या मिश्री लावायच्या. हिरड्यांची वाट लागलेली. हिरड्यांचा दाह पण यात मोडतो का?

मायक्रोस्कोपवाली

हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे खरं. पण हिरड्या बऱ्या केल्या की अटॅक टळतात, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मिश्री सोडायला मात्र तेवढ्या पुराव्याची वाट बघू नका. तंबाखू आहे ती.

सह्याद्रीवेडा

कोल्चिसीन नावाच्या गोळीबद्दल वाचलं. गाउटवरची जुनी गोळी आता हृदयाला देतात म्हणे. आणि हे कोल्चिसीन आपल्या कळलावीत असतं ना? श्रावणात घाटात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्यासारखी फुलते ती. आमच्या गावात एक वैदू तिचा कंद देतो. हृदयाला चालेल का?

मायक्रोस्कोपवाली

नाही. नाही. नाही. कळलावीचा कंद खाऊन माणसं मेलेली आहेत. सुरुवात उलट्या-जुलाबाने होते, मग मॅरो बंद पडतो, किडन्या जातात. उतारा नाही. कोल्चिसीनमध्ये उपयोगी मात्रा आणि मारक मात्रा यांतलं अंतर फार कमी, आणि कंदात किती आहे हे कुणी मोजून देत नाही. तमिळनाडूत कळलावीची शेती होते ती बियांसाठी, आणि त्या औषध कारखान्यात जातात.

गोळीचं मात्र खरं आहे. पांढऱ्या पेशींच्या आतल्या सूक्ष्मनलिका ती मोडते, त्यामुळे त्यांची धावपळ मंदावते. कोलेस्टेरॉलचे स्फटिक मॅक्रोफेजमध्ये जी दाहाची यंत्रणा चालू करतात तीही दबते. रोज अर्धा मिलिग्रॅम. २०१९ मध्ये नुकताच अटॅक आलेल्या ४,७४५ रुग्णांत पुढचे प्रसंग २३ टक्क्यांनी कमी झाले. २०२० मध्ये जुनाट आजाराच्या ५,५२२ रुग्णांत ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सगळे खूश.

आणि मग २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांची, अटॅकनंतर लगेच औषध सुरू केलेली मोठी ट्रायल आली आणि तिच्यात काहीच फायदा दिसला नाही. त्याआधी मेथोट्रेक्सेटचंही असंच झालं होतं. संधिवातावर चालणारं औषध हृदयाच्या ४,७८६ रुग्णांना दिलं, ना दाह उतरला ना अटॅक. म्हणजे दाह हा एक सरसकट प्रकार नाही. कुठली साखळी तोडता यावर सगळं अवलंबून आहे. कोल्चिसीन कुणाला द्यायचं हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. किडनी कमकुवत असेल तर नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक चालू असताना तर अजिबात नाही, रक्तातली पातळी घातक चढते.

सह्याद्रीवेडा

बाप रे. वैदूला सांगतो. फुलांचे फोटो तेवढे काढत राहीन.

बॉस्टनकर_बाळू

आपल्या लोकांचा मुद्दा राहिलाच. २००४ चा इंटरहार्ट अभ्यास, ५२ देश. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. म्हणजे "म्हातारपणचा आजार" आपल्याकडे मुलांची लग्नं व्हायच्या आधी येतो. इथे माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही पन्नाशीत स्टेंट बसलेले बरेच आहेत, आणि सगळे सडपातळ, फक्त पोट पुढे.

लिपोप्रोटीन-ए हे एक कारण. एलडीएलसारखाच कण, त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं, आणि तो ऑक्सिडाइझ झालेले स्निग्ध पदार्थ वाहून नेतो, ज्यांवर मॅक्रोफेज चिडतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी आग. साधारण एक चतुर्थांश भारतीयांत तो जास्त असतो. खाण्यापिण्याने हलत नाही, वारशात येतो.

सुनबाई_नंबर_वन

इतकं सगळं वाचून डोकं गरगरलं. साधं सांगा. सासरे ७६, बायपास होऊन गेलेली, ठणठणीत आहेत. पण त्यांना कुणीतरी सांगितलंय की पंच्याहत्तरीनंतर स्टॅटिनची गरज नाही, म्हणून परस्पर बंद केलीय. काय करू?

मायक्रोस्कोपवाली

आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून कळवा की गोळी बंद आहे, आजच. बायपास झालेल्या माणसाने परस्पर स्टॅटिन सोडायची नसते. फ्रान्समध्ये पंच्याहत्तरी गाठलेल्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांची माहिती तपासली होती. ते सगळे स्टॅटिनवर होते आणि आधी हृदयविकार नसलेले. त्यांच्यातही ज्यांनी गोळी सोडली त्यांना हृदयासाठी भरती व्हायची शक्यता ३३ टक्क्यांनी जास्त दिसली. ही ट्रायल नव्हे, नुसतं निरीक्षण आहे. सोडणारे आधीच आजारी असू शकतात. पण तुमच्या सासऱ्यांना तर आजार आहेच.

दुसरं, फ्लूची लस. अनेकांना वाटतं तिचा हृदयाशी काय संबंध. कॅनडातल्या ओन्टारियोमध्ये २०१८ च्या अभ्यासात दिसलं की फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकची शक्यता सहापट होते. म्हाताऱ्या धमनीतली पातळ झालेली टोपी, त्यात संसर्गाने भडकलेला दाह आणि दाट झालेलं रक्त, सगळं एकाच आठवड्यात. आणि २०२१ च्या एका ट्रायलमध्ये अटॅकनंतर दवाखान्यातच फ्लूची लस दिली, तर वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक वगैरे प्रसंग २८ टक्क्यांनी कमी झाले. हजार-दोन हजारांच्या लशीत एवढा फायदा देणारं दुसरं काही मला माहीत नाही. दरवर्षी घ्यायची, आपल्याकडे शक्यतो पावसाळ्याआधी.

सुनबाई_नंबर_वन

ऐकतील का ते! कोविडच्या लशीच्या वेळी पलंगाखाली लपले होते अक्षरशः. पण फोन केला. डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, गोळी आज रात्रीपासून परत सुरू.

ठाणे_लोकल

मायक्रोस्कोपताई, ते बोन मॅरोमधल्या बदलाची टेस्ट कुठे करून मिळते?

मायक्रोस्कोपवाली

करू नका. आज आकडा कळून हातात काही पडत नाही. त्यावर मंजूर उपचार नाही, नुसती झोप उडेल. कँटोसमधल्या टेट-२ बदल असलेल्या रुग्णांना इंजेक्शनचा फायदा जास्त झालेला दिसला, पण ते मोजकेच लोक होते आणि विश्लेषण मागाहून केलेलं. कधीतरी यातून नेमके उपचार निघतील. तोवर ज्याच्यावर आपला हात चालतो ते बघा: बीपी, साखर, तंबाखू, एलडीएल. बायपास, स्टेंट झालेल्यांनी एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचंय, लॅबच्या कागदावर शंभर "नॉर्मल" छापलं असलं तरी. टेस्टच करायची तर बाळू म्हणतात ती लिपोप्रोटीन-ए करा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रत्येकाला आयुष्यात निदान एकदा ती करायला सांगितलीय.

ठाणे_लोकल

करतो. उपाशीपोटी लागते का? आणि किती आला म्हणजे जास्त?

लॅबमधला_भाऊ

उपाशी नको, जेवून या. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर म्हणजे जास्त. पण पुन्हा तेच, युनिट बघा. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे १२५ च्या वर जास्त. एकाचं दुसऱ्यात नीट रूपांतर होत नाही, म्हणून घरी कॅल्क्युलेटर काढून बसू नका, त्याच युनिटची रेंज कागदावर बघा. आणि तुमचा जास्त आला तर भावंडांना आणि मुलांनाही करायला सांगा.